पुढच्या शंभर वर्षांचे पाय

(शताब्दी वर्षाच्या आषाढी वारीत फलटण मुक्कामी हरिपाठानंतर झालेलं भाषण. वक्ते माध्यमिक शाळेतले निवृत्त क्रीडाशिक्षक असून आपल्या दिंडीतले जुने टाळकरी आहेत.)





आज सगळ्यांचे पाय बोलतायत. दिवे घाट झाला, नीरा स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. उद्या पहाटे उठून बरडची वाट धरायची आहे. तेव्हा मी लांबण लावणार नाही. मालकांनी मला सांगितलं, "गुरुजी, शंभरावं वर्ष आहे, पोरांच्या मोबाइलवर चार शब्द बोला." मी म्हटलं, मोबाइलवर बोलतो, पण पोरांना शिव्या घालायला म्हणून बोलणार नाही. मी शाळेत तीस वर्षं खेळाचा तास घेतला. पोरं मला कळतात, आणि त्यांच्या आईबापांचंही मला कळतं.

माउली, आपल्या दिंडीनं शंभर वर्षांत काय कमी पाहिलं का? 1972 चा दुष्काळ पाहिला, तेव्हाही वारी झाली. पूर पाहिले, महागाई पाहिली. चालणं कधी मोडलं नाही. मोडलं ते 2020 साली. करोना आला आणि माउलींच्या पादुका एसटीत बसून पंढरीला गेल्या. 2021 सालीही तसंच झालं. आपण घरात बसून उंबऱ्याला हात जोडले. आणि नेमक्या त्याच काळात शाळा बंद झाल्या नि अभ्यासासाठी म्हणून घराघरात पोरांच्या हातात फोन आला. काही घरांत शेळी विकून फोन घेतला. चुकीचं केलं असं म्हणता येणार नाही, दुसरा मार्ग नव्हता. पुढं 2022 साली वारी पुन्हा पायी सुरू झाली. शाळाही सुरू झाल्या. फोन मात्र हातातून खाली आला नाही.

आता दिंडीची वही उघडा आणि वयाचा रकाना बघा. साठीच्या पुढची नावं भराभर सापडतात. अठराच्या आतली नावं बोटावर मोजावी लागतात. आणि जी आहेत, त्यातली किती जण दिवे घाट चढून वर आली आणि किती जण सामानाच्या ट्रकमधून आली, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी नाव घेत नाही. घ्यायचंही नाही. पण विचार करा, दिंडीला शंभर वर्षं झाली ती कुणाच्या पायावर झाली? आणि पुढची शंभर कुणाच्या पायावर होणार?

मागच्या वारीतली गोष्ट सांगतो. दहावीला गेलेला एक मुलगा आजीबरोबर आला होता. आजी सत्तरीच्या घरातली. दुसऱ्याच दिवशी मुलाच्या पायाला फोड आले, पोटऱ्या भरल्या, तो ट्रकमध्ये बसला. आजी चालत होती. मुक्कामाला आजी त्याच्या पायाला तेल लावायची आणि तो फोन बघत पडायचा. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या पोराला कुठला आजार नव्हता. धष्टपुष्ट दिसत होता. पण वर्षभरात त्याला रोज अर्धा तास चालायचंही काम पडलं नव्हतं. शाळेला गाडी, क्लासला गाडी, दुकानाला मोटरसायकल. आजी मात्र आयुष्यभर पाण्याला, शेताला, बाजाराला चालत आलेली. तिच्या पायात वारी आधीपासूनच होती.

पुढचं ऐका. वाल्ह्याच्या पुढं आमच्यातल्या एका टाळकऱ्यानं त्याच्या हातात टाळ दिले. म्हणाला, "चालू नको, नुसती पावली टाक." पोरगं अर्धा मैल आलं. दुसऱ्या दिवशी एक मैल. वाखरीला उभ्या रिंगणात ते घामानं न्हालेलं होतं आणि फोन कुठं आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. घरी गेल्यावर पहाटे उठून पळायला लागलं. मला वाटलं, झालं, सुटला. पण दिवाळीनंतर विचारलं तर म्हणाला, "एकट्यानं कंटाळा येतो सर. गावात कोणीच येत नाही." पळणं बंद, फोन चालू. मी त्याला दोष देत नाही. वारीत त्याला दिंडी होती, गावात दिंडी नव्हती. आजच्या माझ्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे, ती ध्यानात ठेवा.

आता थोडं शरीराचं सांगतो. बारा ते अठरा हे वय म्हणजे शरीराच्या पेरणीचा हंगाम. या वयात हाडं भरतात. अठरा-वीस वर्षांपर्यंत माणसाच्या हाडांची जवळजवळ नव्वद टक्के भरती होऊन जाते. पुढं आयुष्यभर त्याच साठ्यातून खर्च करायचा. हाड भरतं कशानं? दूध, नाचणी, डाळ खाल्ल्यानं तर भरतंच, पण त्यावर भार पडला पाहिजे. उडी मारली, पळालं, ओझं उचललं की हाडाला निरोप जातो, "घट्ट हो." बसून राहिलेल्या हाडाला तो निरोपच मिळत नाही. पेरणीचा पाऊस चुकला तर नंतर कितीही पाणी द्या, ते पीक येत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली नियम सांगितले आहेत. 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. बसून राहण्याचा वेळ, त्यातही करमणुकीसाठी पडद्यासमोर घालवायचा वेळ, कमी ठेवावा. साठ मिनिटं एकदम हवीत असंही नाही. सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस चालतील. शेतातलं काम, पाणी भरणं, सायकल मारणं, हे सगळं त्यात धरतात.

दम लागणं म्हणजे किती, याची एक सोपी खूण डॉक्टर सांगतात. मध्यम व्यायामात माणसाला बोलता येतं, पण गाता येत नाही. आता आपली पंचाईत बघा, माउली! आपण घाट चढतानाही गातो. त्याचा अर्थ असा की वारकऱ्याचा दम साध्या माणसापेक्षा मोठा असतो. तो आपोआप आलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्यातून आला आहे. तो आता नातवंडांकडे जाणार की नाही, हा प्रश्न आहे.

मग मुलं किती हालचाल करतात? याच संघटनेच्या अभ्यासकांनी 146 देशांतल्या 16 लाख शाळकरी मुलामुलींची माहिती गोळा केली आणि 2019 साली प्रसिद्ध केली. 11 ते 17 वयाच्या शंभरातल्या 81 जणांना रोजचा तो एक तास मिळत नव्हता. मुलींत 85, मुलांत 78. आपल्या देशात चारातले जवळपास तीन. ही माहिती 2016 सालापर्यंतची आहे. म्हणजे करोनाच्या आधीची, घरोघरी फोन यायच्या आधीची.

बसून राहण्याचं फळ लगेच दिसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींच्या वर आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 सालच्या अहवालात आहे. मधुमेह आता शहरातल्या शेठजींचा रोग राहिलेला नाही. आपल्या दिंडीच्या औषधाच्या पेटीत पूर्वी मलम, कापूस, तापाच्या गोळ्या असायच्या. आता साखरेच्या गोळ्या शोधणारे किती आहेत, बघा. पोराच्या पंधराव्या वर्षीच्या बसण्याचा हिशेब चाळिसाव्या वर्षी होतो.

दुसरी गोष्ट झोपेची. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. निसर्गच असा आहे की या वयात झोपेचं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढं सरकतं. म्हणून पोरं रात्री लवकर झोपत नाहीत आणि काकड्याला उठत नाहीत. तो सगळा आळस नसतो, माउली, थोडं वयही असतं. पण त्यात रात्री डोळ्यांसमोर फोनचा उजेड आला की मेंदूला वाटतं अजून दिवस आहे, आणि झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं द्रव्य उशिरा तयार होतं. वर जे बघतो त्यानं मन चाळवलेलं राहतं ते वेगळंच. अकराचे एक वाजतात. सकाळी सहाला क्लास. मग वर्गात पेंग, चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. आपण म्हणतो पोरगं उर्मट झालं. ते आधी झोपेला मुकलेलं असतं.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी बघितलं, तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या साधारण 40 मुलांना लांबचं दिसेनासं होऊन चष्मा लागायची वेळ आली होती. बाहेर खेळलेल्यांत हा आकडा 30 होता. औषध काही नाही, फक्त उघड्यावरचा उजेड. तो आपल्या गावात फुकट मिळतो, आणि आपण दार लावून पोरांना आत बसवतो.

आता फोन पोरांना सोडत का नाही, हेही समजून घेऊ या. वारीला मुक्काम असतो, विसावा असतो, आरती असते. कुठं थांबायचं हे ठरलेलं असतं. कीर्तनालाही शेवट असतो. फोनमधल्या त्या छोट्या चित्रफितींना, ज्यांना पोरं रील म्हणतात, मुक्कामच ठेवलेला नाही. पूर्वी पान संपायचं आणि पुढचं पान हवं असेल तर दाबावं लागायचं. मग असं तंत्र आलं की बोटानं सरकवत राहायचं, खालून नवं येतच राहतं. एक चित्रफीत संपायच्या आत दुसरी सुरू होते. जितका वेळ माणूस बघत राहील तितक्या जास्त जाहिराती दिसतात आणि तितके जास्त पैसे कंपनीला मिळतात. हुशार इंजिनिअर पगार घेऊन या कामाला बसलेत की माणूस उठू नये. त्यांच्यापुढं चौदा वर्षांच्या पोराच्या निश्चयाचं काय चालणार? चाळीस वर्षांच्या बापाचं चालत नाही!

आणि फोन सगळा वाईट असंही मी म्हणणार नाही. बाजारभाव त्यात कळतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यात भरतात. परगावी असलेल्या लेकीचं तोंड त्यात दिसतं. ज्याला वारीला येता येत नाही तो आजारी म्हातारा अंथरुणावरून विठुरायाचं दर्शन त्यात घेतो. पखवाजाचे बोल त्यात बघून शिकलेली पोरं आपल्या दिंडीत आहेत. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या विषयावर सूचना दिल्या आहेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाला एक तासाच्या आत. मोठ्या मुलांसाठी त्या नुसता घड्याळाचा काटा धरून बसत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की पडद्यानं झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांबरोबरचा वेळ खाता कामा नये. हे माप मला पटतं. पोरगं दोन तास फोन बघतं की अडीच, यावर भांडू नका. ते झोपलं का, घामाघूम झालं का, घरात चार शब्द बोललं का, हे विचारा.

आता आपल्याकडं वळतो. थोडं लागेल, पण माउली समजून घेतील. पोरांचा वेळ फोननं खाल्ला असं आपण म्हणतो. पण तो वेळ आधी रिकामा कुणी केला? गावच्या मैदानाचं काय झालं? कुठं गाळे निघाले, कुठं वाळूचे ढीग पडले, कुठं कुणाचा ट्रॅक्टर उभा असतो. तालमीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणाला माहीत नाही. शाळेत खेळाचा तास वेळापत्रकात असतो, दहावीत गेलं की तो गणिताला जातो. पोरगं संध्याकाळी पारावर चार पोरांबरोबर बसलं तर "उनाड झालं" म्हणायचं, आणि घरात कोपऱ्यात फोन घेऊन गप्प बसलं तर "गुणी आहे" म्हणायचं. मग ते कोपऱ्यातच बसणार.

मुलींचं तर विचारूच नका. सहावी-सातवीपर्यंत लगोरी, लंगडी, खो-खो. आठवीला गेली, मोठी झाली, की खेळ बंद. "आता बरं दिसत नाही." शंभरातल्या 85 मुलींना हालचाल मिळत नाही हे आकड्यात आलं आहे, ते असं येतं. त्यात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 2021 च्या, देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींत रक्त कमी आढळलं. पोर दमते, बसते, फोन घेते. आपल्याला वाटतं फोनमुळं दमली. आधी तिच्या रक्ताची तपासणी करा. शाळेत आणि उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या चालू करा. आणि तिला अंगणाबाहेर जाऊ द्या. डोक्यावर तुळस घेऊन आळंदी ते पंढरी चालणाऱ्या बाईची नात शाळेच्या मैदानात पळाली तर कुठला कमीपणा येतो? साताऱ्याच्या माण तालुक्यात, मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर पळत पळत 2016 साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत पोचली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी घर ते शाळा चालत-पळत जायचा. 2023 साली आशियाई खेळांत त्यानं सुवर्णपदक घेतलं. त्यांची गावं आपल्या गावांसारखीच आहेत. प्रत्येक पोर ऑलिम्पिकला जावं असं माझं म्हणणं नाही. शाळेला पायी गेलं तरी पुष्कळ झालं.

खेळ आपल्या धर्मात बसत नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं संतांची गाथा उघडावी. तुकोबांनी, नाथांनी फुगडीवर, हमाम्यावर, विटीदांडूवर, हुतुतूवर अभंग केले आहेत. खेळातून परमार्थ सांगितला आहे. ज्यानं हे खेळ पाहिले नाहीत, खेळले नाहीत, त्या पोराला तो अभंग कळणार कसा? रिंगण संपलं की आपण काय करतो? फुगड्या, पावल्या, मनोरे, हुतुतू, उडीचा खेळ. सत्तर वर्षांची आजी आणि पन्नास वर्षांचा फौजदार एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात. पुढं पुरंदवड्याला, खुडूसला गोल रिंगण आहे. तिथं बघा, निम्मे हात फुगडीत असतील आणि निम्मे हात फोन धरून ती फुगडी टिपत असतील. टिपणारे सगळे पोरसवदा नसतात, माउली. पुष्कळांच्या मिशा पांढऱ्या असतात.

मग करायचं काय? दोन वाटा दाखवतो. एक आपल्या वारीतलीच आहे.

मुक्कामाला समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात, "हो" म्हणतात, आणि एवढा समाज एका क्षणात शांत होतो. कुणी पोलीस लागत नाही, दंडपावती लागत नाही. हे कसं होतं? पहिलं म्हणजे नियम सगळ्यांना सारखा आहे. मानाच्या दिंडीलाही आणि शेवटच्या दिंडीलाही. दुसरं म्हणजे वेळ ठरलेली आहे. आणि तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, निवाडा करतात, आणि मगच आरती होते. तक्रार करणाऱ्याला कुणी हाकलून देत नाही.

घरात हेच करा. संध्याकाळची एक वेळ ठरवा. दंड वर गेला की सगळे फोन एका जागी, देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवा. सगळे म्हणजे बापाचा, आईचा, चुलत्याचा, सगळ्यांचे. बाप मालिका बघतोय आणि पोराला म्हणतोय फोन ठेव, हे चालणार नाही. आणि पोराचे टाळ वाजतच असतील, म्हणजे ते चिडत असेल, दार आपटत असेल, तर आधी त्याचं गाऱ्हाणं ऐका. कदाचित शाळेत त्याला कुणी छळत असेल. कदाचित फोनवर पैसे लावायच्या खेळात ते अडकलं असेल आणि सांगायची भीती वाटत असेल. हिसकावून घेतलेला फोन दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी सापडतो. ऐकून घेतलेलं पोर घरात राहतं. आणि पोरगं जेवेना, झोपेना, कुणाशी बोलेना, जिवाचं बरंवाईट बोलायला लागलं, तर अंगारे-धुपारे करत वेळ घालवू नका. डॉक्टरला दाखवा. सरकारचा टेलिमानस म्हणून फुकट नंबर आहे, 14416. रात्री-अपरात्रीही लागतो. वहीत लिहून ठेवा.

दुसरी वाट सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं दाखवली. तीनेक हजार वस्तीचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. करोनानंतर पोरं फोन सोडेनात, वर्गात लक्ष देईनात, म्हणून गावानं बैठक घेतली. सुरुवातीला पुरुष मंडळींनी चेष्टा केली. मग बायकांची बैठक झाली. त्यांनी मनावर घेतलं, आपणही टीव्ही फार बघतो हे मान्य केलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठरलं. रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. पोरं पुस्तकं घेऊन बसायची, मोठी माणसं एकमेकांशी बोलायची. सुरुवातीला गावातल्या कार्यकर्त्यांना घरोघर फिरून आठवण करून द्यावी लागली. यात खर्च काय? एक भोंगा. बाकी सगळं एकमतावर. एका घरानं फोन बंद केला तर पोर शेजारच्या घरात जातं. गावानं केला तर पोराला वाटतं, आपलं काही हुकत नाही.

तर माउली, शताब्दीच्या निमित्तानं आपल्या दिंडीपुढं मी चार गोष्टी ठेवतो. पंचांनी विचार करावा.

एक. आषाढीच्या आधी सहा आठवडे, प्रत्येक गावच्या वारकऱ्यांनी पोरापोरींना घेऊन रोज पहाटे किंवा संध्याकाळी चालायला सुरुवात करायची. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटर, मग वाढवत नेत सहाव्या आठवड्यात रविवारी दहा-बारा. जुन्या, पायात बसलेल्या चपला-बूट घालून चालायचं, कोऱ्या नकोत. म्हणजे दिवे घाटात ट्रक आठवणार नाही.

दोन. दिंडीत पोरांना काम द्या. आपण त्यांना दिंडीत आणतो आणि सामान राखायला बसवतो. मग ते फोन बघतील नाहीतर काय करतील? पताका द्या, टाळ द्या, पावली शिकवा, पंगतीत वाढायला लावा, पाण्याच्या टँकरची जबाबदारी द्या. ज्याच्या हातात टाळ आहेत त्याच्या हातात फोन राहत नाही. हात दोनच आहेत.

तीन. हरिपाठ ते जेवण या वेळात दिंडीत सगळ्यांचे फोन पेटीत. दोन फोन तेवढे बाहेर राहतील, एक मालकांचा आणि एक औषधाच्या पेटीवाल्यांचा, अडीअडचणीला. सुरुवात व्यासपीठावरच्या मंडळींपासून.

चार. आणि ही सगळ्यात मोठी. वारी संपल्यावर प्रत्येक गावात देवळासमोरची किंवा शाळेमागची एक जागा मोकळी करायची. ग्रामपंचायतीत ठराव घ्या. दगड उचला, गाजरगवत काढा, चुन्यानं खो-खोची पाटी आखा. रोज संध्याकाळी एक तास. दोन दिवस मुलींचे राखून ठेवा, आणि त्या दिवशी गावातल्या दोन बायका तिथं बसतील असं ठरवा, म्हणजे आयांचा जीव थाऱ्यावर राहील. मैदानाला वीणेसारखा पहारा लावा. वीणा कधी खाली ठेवत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तसं रोज एक मोठा माणूस तिथं हजर पाहिजे. आज तुम्ही, उद्या मी. त्या दहावीच्या पोराला "कोणीच येत नाही" असं म्हणायची वेळ पुन्हा यायला नको.

कार्तिकीला आपण परत भेटू. तेव्हा कुणी किती भाषणं केली हे मी विचारणार नाही. किती गावांत मैदान मोकळं झालं आणि तिथं संध्याकाळी किती पोरं-पोरी येतात, एवढंच विचारीन. पाच गावांनी केलं तरी शताब्दी साजरी झाली असं मी समजेन. मंडप, स्मरणिका, सत्कार हे सगळं हवंच. पण दिंडी म्हणजे चालणारी माणसं. ती माणसं आत्ता चौदा-पंधरा वर्षांची आहेत, आणि त्यातली काही तिकडं ट्रकपाशी बसली आहेत.

पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. उद्या पहाटे बरडला निघताना माझ्या बाजूला या. जोड टाळांची मी जास्तीची आणली आहे. चालवेल तेवढं चाला. दमलात तर बसा, परत उठा. आम्हीही असेच शिकलो.

बोला, पुंडलिका वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

रामकृष्णहरी.